मदत हवी आहे : अंगणवाडी सांभाळून विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण कसं घेऊ?

नमस्कार ताई-दादांनो,

मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं कोसबाड इथून जवळच. गाणी, गोष्टी, मणी ओवणं, बियांचे खेळ हे सगळं मला जमतं. पण यंदा साडेचार वर्षांचा एक मुलगा आलाय, तिथे माझी विद्या संपते. हाक मारली तर वळत नाही, एकही शब्द बोलत नाही. जमिनीवर ढोल ठेवून वाजवला की मात्र धावत येतो आणि त्यावर तळहात टेकवून बसतो! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन त्याचे कान तपासायला सांगितलंय, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. आई म्हणते, "बोलेल उशिरा." मला वाट बघत बसवत नाही, कारण भाषेची ही वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका दोन वर्षांची, रोज हजेरीची. अंगणवाडी सोडून ते शक्य नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी, मराठीतून, सुट्टीत करता येईल असं मान्यताप्राप्त प्रशिक्षण कुणी केलंय का? फी किती, प्रत्यक्ष मुलांबरोबर सराव किती मिळाला, तेही सांगा.

आणि तोवर या लेकरासोबत रोज काय करू? मी चित्रं दाखवते, खुणा करते. घरचे लोक करतात त्याच खुणा ठेवू की सांकेतिक भाषेतल्या शिकवू? कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा.