गुळीने सकाळपासून काहीच खाल्लेले नाही

प्रेषक: अनघा, विंटरथूर
शनिवार, रात्री ८.५०

मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार,

आमच्या घरी तिळू आणि गुळी या दोन गिनी पिग बहिणी आहेत. मुलगी तिसरीत असताना आम्ही त्या आणल्या. इथल्या, म्हणजे स्वित्झर्लंडच्या, २००८ च्या प्राणीसंरक्षण नियमांनुसार गिनी पिग एकटा पाळता येत नाही, म्हणून जोडी आणली. दोघी आता चार वर्षांच्या आहेत. रोज सकाळी फ्रिजचे दार उघडल्याचा आवाज आला की दोघी शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेतात. आज फक्त तिळूचा आवाज आला. गुळी कोपऱ्यात अंग फुगवून बसली होती. ढोबळ्या मिरचीची फोड तिने हुंगली, तोंडात धरली आणि सोडून दिली. गवताच्या काडीचेही तेच झाले. तिची हनुवटी ओली आहे, लेंड्या मोजक्या आणि बारीक आहेत. गेल्या रविवारी तिचे वजन ९४० ग्रॅम होते, आज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८७२ भरले.

आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी सकाळी भेटतील. सांगलीहून आलेल्या सासूबाईंचे म्हणणे असे की पोट बिघडले असेल तर एक दिवस लंघन घडू द्यावे, आपोआप भूक लागेल. सोमवारपर्यंत थांबणे योग्य आहे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया लवकर सांगावे.

आपली,
अनघा

---

प्रेषक: मेधा, बर्न
शनिवार, रात्री ९.१५

प्रिय अनघा,

सोमवारपर्यंत थांबू नकोस. आत्ताच फोन करून रात्रीची तातडीची सेवा कुठे आहे ते विचार आणि तिथे गिनी पिग पाहणारे डॉक्टर आहेत ना, हेही त्याच फोनवर विचारून घे. माझ्या घरी गेली चौदा वर्षे हे प्राणी आहेत, त्या अनुभवावरून हे सांगते आहे.

सासूबाईंचा सल्ला माणसाच्या बाबतीत चुकीचा नाही, आपण सगळेच त्यावर वाढलो. परंतु या प्राण्याच्या पोटाची रचना अशी आहे की त्याला लंघन मानवत नाही. दिवसरात्र थोडे थोडे गवत आत जात राहते आणि मागून येणारे गवत पुढच्याला ढकलत राहते, त्यावरच त्याची आतडी चालतात. खाणे थांबले की आतडी मंदावतात, आतले अन्न सुकते, वायू साचतो, पोट दुखू लागते आणि दुखत असल्यामुळे तो आणखीनच खात नाही. उपाशी शरीर साठवलेली चरबी वापरायला काढते, ती यकृतात जमू लागते आणि मग मूळ दुखणे बरे झाले तरी प्राणी हाती लागत नाही. म्हणून बारा तास काही खाल्ले नाही तर ती तातडीची वेळ समजायची. तुझ्या गुळीचे ते बारा तास होऊन गेले आहेत.

निघण्यापूर्वी एक गोष्ट तपास. तिच्या पोटावर दोन्ही बाजूंनी अगदी हलका हात ठेव. पोट नगाऱ्यासारखे ताणलेले लागले तर तोंडात काहीही भरवू नकोस, तशीच ने. पोट मऊ असेल तर तिच्याच खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, त्याची पातळ पेज करून, सिरिंजने थोडी थोडी देता येईल, परंतु त्यासाठी जाणे लांबवू नकोस. माणसांचे वेदनाशामक औषध मात्र मुळीच देऊ नये.

तिळूला त्याच खोक्यात बरोबर घे. जोडीदार शेजारी असला की आजारी जनावर कमी घाबरते आणि परतल्यावर दोघींची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

आणखी एक, आणि हे मी तळमळीने लिहिते. पूर्वी आम्ही राहत होतो त्या गावातल्या एका दवाखान्यात माझ्या पहिल्या गिनी पिगला सर्दीसाठी पेनिसिलिन गटातले प्रतिजैविक तोंडावाटे दिले गेले. त्या गटातली औषधे या प्राण्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि घातक जंतूंना मोकळे रान मिळते. चौथ्या दिवशी तो गेला. तेव्हा मला विचारण्याचे भान नव्हते. तू औषधाचे नाव विचार, कोणत्या गटातले आहे ते विचार, त्यात संकोच करू नकोस.

ओली हनुवटी आणि तोंडात घेऊन सोडून देणे, या दोन खुणांवरून मला दाढांची शंका येते. खायची इच्छा आहे पण चावता येत नाही, असे ते दिसते. डॉक्टरांना हे दोन्ही आवर्जून सांग.

मेधा

---

प्रेषक: अनघा
रविवार, सकाळी ७.०५

मेधाताई,

रात्री साडेदहाला पोहोचलो. पोट मऊ होते. दाढांबद्दलची तुमची शंका खरी ठरली. खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमानीसारख्या आल्या आहेत, त्यामुळे तिला जीभ उचलताच येत नाही. वेदनाशामक दिले आहे, उद्या भूल देऊन दाढा कापणार आहेत. या प्राण्याला वांती करता येत नाही, म्हणून भुलेआधी कुत्र्या-मांजरासारखे रात्रभर उपाशी ठेवायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तोपर्यंत औषधी भुकटीची पेज दिवसातून सहा वेळा, दर वेळी साधारण १० मिली द्यायची आहे. परंतु ती तोंड फिरवते आणि निम्मी पेज मानेवर सांडते. कसे भरवावे, हे कृपया सांगाल का?

अनघा

---

प्रेषक: मेधा
रविवार, सकाळी ७.४०

अनघा,

पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचेच असे होते. जमिनीवर बस, म्हणजे ती निसटली तरी उंचावरून पडणार नाही. टॉवेलमध्ये तिला करंजीच्या सारणासारखी गुंडाळ, फक्त तोंड बाहेर ठेव, आणि तिची पाठ तुझ्या पोटाला टेकू दे. १ मिलीची सिरिंज घे आणि तिचे टोक थोडे कापून कड घासून घे, म्हणजे भुकटीचे कण अडकणार नाहीत. सिरिंज समोरून घालायची नाही. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये गालाकडून एक मोकळी फट असते, तिथून आडवी आत सरकव. एका वेळी अर्धा मिली दे आणि थांब. तिचा जबडा हलताना दिसेल, गिळल्यावरच पुढचा अर्धा मिली. डोके मागे कधीही वाकवू नकोस, नाहीतर पेज श्वासनलिकेत जाईल. १० मिलीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, ती लागू देत. शेवटी कोमट ओल्या फडक्याने हनुवटी आणि मान पूस, कारण वाळलेल्या पेजेखाली कातडी सोलवटते.

रात्रीची पाळीही चुकवू नकोस. वजन रोज एकाच वेळी करून लिहून ठेव. लेंड्या मोठ्या आणि ओलसर होऊ लागल्या की आतडी चालू झाली असे समज.

मेधा

---

प्रेषक: श्रीधर, बाझल
रविवार, सकाळी ११.२०

चि. अनघा हीस अनेक आशीर्वाद.

मी जन्मभर जीवरसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे एक मुद्दा मांडावासा वाटतो. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात, माणूस आणि गिनी पिग यांना ते जमत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनी पिगना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांचा स्कर्व्ही हा रोग झाला आणि आहाराशी असलेला त्याचा संबंध प्रयोगशाळेत पाहता येऊ लागला. या रोगात हिरड्या आणि सांधे दुखतात आणि भूकही जाते. म्हणून गुळीचे दात नीट झाल्यावरही या बाजूकडे लक्ष असावे. निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते, आजारपणात अधिक, ते प्रमाण डॉक्टरांकडून घ्यावे. या जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकू नयेत, कारण तिथे ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीही कमी पितो. तांबडी ढोबळी मिरची उत्तम, जोडीला आपली कोथिंबीर. खाद्याच्या गोळ्यांचे पाकीट फोडून महिने लोटले असतील तर त्यातील जीवनसत्त्वावर विसंबू नये.

दाढांसाठी मात्र गवतच हवे. त्या आयुष्यभर वाढत राहतात आणि लांब धाग्यांचे वाळके गवत तासन्‌तास चघळल्यानेच झिजतात. गोळ्या किती देता, हे एकदा कळवावे.

श्रीधरकाका

---

प्रेषक: अनघा
गुरुवार, रात्री ९.३०

मेधाताई, श्रीधरकाका आणि फोन करून चौकशी करणारे सर्व,

सोमवारी दाढा कापल्या. त्याच संध्याकाळी ती खाऊ लागेल अशी माझी समजूत होती, परंतु दोन दिवस तिने काहीच स्वतःहून घेतले नाही. जिभेच्या स्नायूंना पुन्हा सवय व्हायला वेळ लागतो, वेदनाशामक आणि पेज थांबवू नका, असे डॉक्टर म्हणाले. पहाटे चारची पाळी सासूबाईंनी आपणहून घेतली. टॉवेल मांडीवर पसरून त्या तिच्याशी बोलत बोलत भरवत होत्या, आणि माझ्यापेक्षा कमी सांडत होत्या.

बुधवारी पहाटे त्यांनीच मला उठवले. तिळू गवताच्या टोपलीत तोंड घालून खात होती आणि तिच्या तोंडातून लोंबणाऱ्या काडीचे दुसरे टोक गुळीने धरले होते. ती काडी तिने टोकापासून टोकापर्यंत चावून संपवली. पूर्ण एक मिनिट लागले असेल. आज कोथिंबीर देठासकट खाल्ली. वजन ८५१ पर्यंत उतरले होते, आज ८७० आहे. पेज आता दिवसातून दोनदाच द्यायची आहे, वजन ९०० च्या वर टिकेपर्यंत.

काका, गोळ्यांची वाटी आम्ही दिवसभर भरलेली ठेवत होतो, त्यामुळे त्या गवत कमी खात होत्या, हे आता लक्षात आले. कालपासून दोघींना रोज एकेक चमचाच देतो. दाढा पुन्हा वाढण्याची शक्यता असल्याने सहा आठवड्यांनी तपासणी आहे.

औषधी भुकटीचे एक न फोडलेले पाकीट माझ्याकडे शिल्लक आहे. झुरिक-विंटरथूर परिसरात कोणाकडे गिनी पिग किंवा ससा असेल आणि रात्री-अपरात्री गरज पडली, तर निःसंकोच फोन करावा. माझा क्रमांक मंडळाच्या सभासद-यादीत आहे.

आपली,
अनघा