ल्यूव्हेनची ६०० वर्षे आणि मधला खंड
बेल्जियममधील ल्यूव्हेनचे कॅथलिक विद्यापीठ १४२५ साली स्थापन झाले असले, तरी १७९७ मध्ये फ्रेंच राजवटीने ते बंद पाडले होते, म्हणून २०२५ मधला ६०० वर्षांचा सोहळा इतिहासाला धरून नव्हता, असा आक्षेप घेतला जातो. खंड पडला हे खरे आहे. बेल्जियमच्या बिशपांनी १८३४ मध्ये मेखेलेन येथे कॅथलिक विद्यापीठ नव्याने काढले आणि पुढच्याच वर्षी ते ल्यूव्हेनला आणले. तरीही हा आक्षेप मला पटत नाही, कारण या विद्यापीठाचा इतिहासच मोडून पुन्हा उभे राहण्याचा आहे.

त्याच्या ग्रंथालयाकडे पाहावे. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने लावलेल्या आगीत २ लाखांहून अधिक ग्रंथ जळाले. अमेरिकेतील देणग्यांतून १९२८ मध्ये नवी इमारत पूर्ण झाली, आणि पैसे पाठवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची नावे तिच्या दगडांवर कोरलेली आजही वाचता येतात. मे १९४० मध्ये तीही जळाली आणि पुन्हा बांधली गेली.

मला खरे दुःख वाटते ते १९६८ च्या भाषिक फाळणीचे, जिच्यात डच आणि फ्रेंच भाषिकांची दोन वेगळी विद्यापीठे झाली. फ्रेंच विभाग पुढे लूव्हाँ-ला-नव्ह या नव्या शहरात गेला आणि बऱ्याच ग्रंथांची वाटणी चक्क सम-विषम क्रमांकांनुसार झाली! विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धांत १९२७ मध्ये मांडणारे धर्मगुरू-प्राध्यापक जॉर्ज लमेत्र दोन्ही विद्यापीठांना आपलेच वाटतात. वर्धापन सोहळाही दोघांनी केला, आणि तो दोघांचाही हक्क होता, असे मी मानतो.