उबुद (बाली): आईला घेऊन जातोय, लवकर सांगा

अमेय_ठाणे: उबुदला तीन रात्री आहोत, हॉटेल झालंय. आईला देवळं आणि भाताची खाचरं दोन्ही बघायचीत. एका दिवसात होईल का? गाडीवाला आजच ठरवायचाय.

भटकी_मैना: कधी जाताय? आईंना पायऱ्या जमतात का?

रानवारा: तेगललांगची खाचरं सोडा, नुसते झोपाळे आणि फोटोवाल्यांची गर्दी. खाचरं बघायला जतीलुवीहलाच जा. तिथली 'सुबक', म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायची पद्धत, २०१२ साली युनेस्कोच्या यादीत आली. पाणीवाटप देवळांशी बांधलेलं आहे, त्यामुळे देऊळ आणि शेत वेगळं बघावंच लागत नाही. आम्ही अख्खी दुपार बांधावर बसून होतो.

स्वराली: अहो, जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातील! तेगललांग अर्ध्या तासावर. सकाळी सातला पोचा, मग तिथून तीर्ता एम्पुलचं देऊळ.

रानवारा: सातला पोचलो होतो. तरी गर्दी.

अमेय_ठाणे: आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात.

भटकी_मैना: मग गुनुंग कावीचं देऊळ नको, तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. उबुदमधलं सरस्वतीचं देऊळ बघा, समोर कमळांचं तळं आहे. तारीख?

खादाड_खानदेशी: शाकाहारी असाल तर गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) घेताना 'तेरासी नको' म्हणून सांगा. कोळंबीची चटणी असते ती.

अमेय_ठाणे: आम्ही मासे खातो, जेवणाचं विचारलंच नव्हतं. १६ मार्चला पोचतोय, १९ ला दुपारी परतीचं विमान.

निळी_छत्री: थांबा!! १९ मार्च २०२६ म्हणजे न्येपी, त्यांचं शक नववर्ष. आपला पाडवाही त्याच दिवशी. सकाळी सहापासून २४ तास विमानतळ बंद. रस्त्यावर कुणी नाही, रात्री दिवे नाहीत, हॉटेलच्या आवाराबाहेर पडायचं नाही. तिकीट आधी बघा, गाडीवाला नंतर. आणि १८ ला संध्याकाळी आईंना ओगोह-ओगोहची मिरवणूक नक्की दाखवा, अक्राळविक्राळ राक्षस खांद्यावर नाचवत नेतात.

अमेय_ठाणे: आत्ता मेल उघडला. विमान रद्द झाल्याचं आठवड्यापूर्वीच आलंय, मी बघितलंच नव्हतं. २० चं तिकीट केलं. मनापासून आभार, छत्री. आई विचारतेय, खोलीच्या गॅलरीत गुढी उभारली तर चालेल का?

निळी_छत्री: हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. काठीही तेच देतील, बांबूला तोटा नाही तिथे.

रानवारा: एक दिवस वाढला ना? मग १७ ला जतीलुवीह.

स्वराली: वाढलेला दिवस न्येपीचा आहे हो, खोलीतच जाणार तो!