काजूच्या बागेसाठी ब्रश कटर: नवा घ्यावा की जुनाच उघडावा?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडं आमची सव्वादोन एकर काजू. झाडं बारा-तेरा वर्षांची, मधल्या मोकळ्या जागेत यंदा लावलेली कलमं. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, जूनला उघडलेली छत्री गणपती गेल्याशिवाय वाळत नाही. सप्टेंबर संपता संपता बागेत गवत कमरेला लागतं आणि बांधावरची रानमोडी डोक्याच्या वर जाते. वर्षातून दोनदा कापायचं असतं. एकदा दसऱ्याच्या आसपास, आणि एकदा जानेवारीच्या शेवटाला, काजू पडायच्या आधी. नाहीतर खाली पडलेल्या बिया पाचोळ्यात हुडकत बसायचं.

दोन वर्षांमागं ऑनलाइन ५२ सीसीचा चिनी टू स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे गवत-झुडपं कापायचं पेट्रोलचं मशीन, मागवला, साडेसात हजारांना. पहिलं वर्ष फर्स्टक्लास. यंदा चालूच होईना. दोरी ओढून ओढून माझा खांदा उतरला. एकदा फट्ट म्हणतं आणि गप्प. बाबा सोप्यात बसून बघतात आणि म्हणतात, "माझ्या कोयत्याला चोक नाही."

गावात एका दुकानात विचारलं. तो म्हणाला ६२ सीसीचा घ्या, ताकद पाहिजे. दुसरा म्हणाला जपानी फोर स्ट्रोक घ्या, पोराबाळांना पुरेल. त्याची किंमत माझ्या मशीनच्या चौपट. दहावीस वर्षं नको, पाच वर्षं कटकट न करता चालणारं पाहिजे. काय घेऊ?

उद्यमबाग_फिटर

काय घ्यायचं ते नंतर. आधी एक सांगा, गेल्या हंगामात काम संपल्यावर टाकीतलं पेट्रोल काढलं होतं काय?

जांबोटी_रोड

नाही मामा. अर्धी टाकी होती. पुढं कामाला येईल म्हणून ठेवलं.

उद्यमबाग_फिटर

वाटलंच. माझ्याकडं दसऱ्याच्या आधी पंधरा दिवसांत जेवढे कटर येतात त्यातले निम्म्याहून जास्त असेच. लोक म्हणतात चिनी माल, टिकत नाही. माल साधाच आहे, नाही म्हणत नाही, खरं मारतं ते आठ महिने टाकीत राहिलेलं पेट्रोल.

यात मोटरसायकलसारखा फ्लोटचा कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) नसतो, कारण मशीन आडवंतिडवं करून वापरायचं असतं. आत पोस्टकार्डाहून पातळ पडदे असतात. इंजिनच्या आतल्या दाबानं एक पडदा थरथरतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढतो. पेट्रोल तसंच राहिलं की उडून जाऊन मागं चिकट राळ उरते, पडदा कडक होतो, बारीक भोकं बुजतात. त्यात आता इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बंगळूरला वीस टक्के मिसळलेलं पेट्रोल सुरू झालं, आता पंपावर तेच मिळतं. आपलाच ऊस कारखान्यात जातो आणि स्पिरिट होऊन आपल्याच कार्बोरेटरात येतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जांबोटीला ओलाव्याला काय तोटा. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला बसतं. टू टी ऑइल, म्हणजे टू स्ट्रोकला पेट्रोलातच मिसळायचं ऑइल, वरच्या पेट्रोलातच राहतं. आणि पेट्रोल ओढणारा फिल्टर कुठं असतो? तळाला. म्हणजे चुकून चालू झालंच तर पिस्टनला ऑइल नसलेलं पाणी पाजताय.

आता हे करून बघा. जुनं पेट्रोल सगळं ओतून टाका, झाडाच्या बुडात नको. मग मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला. मशीन अडकत अडकत, थांबत थांबत खाली आलं तर कॉम्प्रेशन आहे. सुळकन खाली आलं तर अवघड आहे. नंतर प्लग काढा, वायरला लावून त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दोरी ओढा, निळी ठिणगी पाहिजे. हे करताना पेट्रोलचा डबा लांब ठेवा. ठिणगी असेल तर प्लगच्या भोकात नव्या मिक्स पेट्रोलचे चार थेंब टाका, प्लग बसवा, ओढा. दोन सेकंद चालून बंद पडलं तर समजायचं इंजिन चांगलं आहे, पेट्रोल पोचत नाही. मग पाइप, फिल्टर आणि कार्बोरेटरचं किट एवढाच खर्च.

शेवटचं एक, हे कोणी करत नाही. सायलेन्सरचे दोन बोल्ट काढा आणि त्या भोकातून पिस्टन बघा. गुळगुळीत असेल तर देवाला नारळ. उभे ओरखडे असतील तर ऑइल कमी पडून ते घासलंय, त्यावर पैसे घालू नका, तेव्हा नवं बघू.

चिकोडीची_ताई

आमचे ओरखडे होते बाई. गड्यानं मिक्सऐवजी साधं पेट्रोल ओतलं, एक टाकी संपायच्या आत जाम. त्याला बोलून काय उपयोग, दोन्ही डबे एकाच रंगाचे ठेवले होते ते मीच.

म्हणून आम्ही फोर स्ट्रोक घेतला, ३५ सीसीचा. पेट्रोल साधं, ऑइल वेगळ्या जागी. भाऊ, तुम्ही स्वतः एकटेच चालवणार असाल तर टू स्ट्रोकला हरकत नाही. चार हात लागणार असतील तर फोर स्ट्रोक. ताकदीचं म्हणाल तर ३५ सीसीवर आमची उसाच्या बांधावरची सगळी घाण निघते. हलका नाही, साडेसात-आठ किलोच्या घरात आहे. त्यापेक्षा पट्टा बघून घ्या. एका खांद्याचा पट्टा येतो तो फेकून द्या, दोन्ही खांद्यांचा आणि मांडीवर गादी असलेला घ्या. पाठीवरचं मॉडेलही मी चालवून बघितलं. चढाला बरं, खरं इंजिनची गरम हवा आणि आवाज अगदी कानाशी.

आणि ती नवी कलमं सांभाळा. मी कटरला पात्याऐवजी नायलॉनचा तंगूस (जाड दोरा) लावून नारळाच्या आळ्यातलं गवत काढत होते, शेजारी आंब्याची तीन रोपं होती. साल गोल निघाली, कळलंसुद्धा नाही. महिन्याभरात तिन्ही वाळली. आता जुन्या पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे उभे चिरून खोडाला घालते. काजूला तर बुंध्याशी जखम झाली की खोड पोखरणारी अळी तिथंच घुसते. हातभर गोल विळ्यानं काढा, बाकी मशीननं.

कोयता_पार्टी

बाबांचं बरोबर आहे. कोयत्याला चोक नाही, प्लग नाही, इथेनॉल नाही. फक्त बाबा लागतात, आणि ते आता सत्तरीला आले असतील.

जांबोटी_रोड

चौऱ्याहत्तर. हे त्यांना वाचून दाखवलं, हसले. मग म्हणाले, "लिहिणारा कोण आहे, ये म्हणावं एकदा रानमोडी काढायला."

मामा, मिक्सचं प्रमाण काय धरू? बाटलीवर ५०:१ आहे, मशीनच्या पुस्तकात २५:१.

उद्यमबाग_फिटर

मशीनचं पुस्तक धरा. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली. ५०:१ म्हणजे २० मिली, ते भारी ऑइलवर आणि तसं सांगणाऱ्या मशीनलाच. ऑइलच्या डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. झाकणानं मोजू नका. गुरांच्या डॉक्टरकडची २० मिलीची नवी सिरिंज आणा, दोनदा भरली की लिटरचा हिशोब संपला. मिक्स लोखंडी कॅनमध्ये करा, आणि महिन्याभरात संपेल एवढंच. उरलं तर मोटरसायकलच्या भरल्या टाकीत थोडं थोडं घालून संपवा, फेकायचं कशाला.

६२ सीसीचं डोक्यातून काढा. स्टिकरवरचा सीसी आणि आतला सीसी यांची गाठ पडेलच असं नाही. मी ६२ लिहिलेले उघडलेत, आत ५२ चंच सिलिंडर. तुमचं काम सव्वादोन एकर, वर्षाला दोनदा, म्हणजे तीस-चाळीस तास. एवढ्याला चौपट पैसे कशाला? दुसऱ्यांच्या बागेत भाड्यानं चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा फोर स्ट्रोक घ्या. त्याला लाड कमी नाहीत. ३५ सीसीच्या पोटात ऑइल जेमतेम १०० मिली, ते पहिल्या दहा तासांनी बदलायचं आणि मग दर पन्नास तासांनी. लोक स्कूटरला बदलतात, याला विसरतात.

पुढं कधी नवं घ्यायला गेलात तर दुकानात मशीनच्या आधी कार्बोरेटरचं किट आणि स्टार्टरची दोरी मागा. त्यानं ड्रॉवर उघडून काढून दिलं तर तिथं मशीन घ्या. "मागवून देतो" म्हणाला तर चहा पिऊन या. अनुदानाचं बघायचं असेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आधी विचारा, यंदाच्या यादीत कोणतं मॉडेल आहे ते. आधी घेऊन मग पावती दाखवून चालत नाही.

खालच्या गिअरच्या हेडला, म्हणजे पात्याच्या वरच्या डबीला, दर वीस-पंचवीस तासांनी ग्रीस. बाजूला छोटा स्क्रू असतो तो काढा, लिथियम ग्रीस थोडं दाबा, पूर्ण भरू नका. हेड गरम लागलं, किंवा किरकिर ऐकू आली, तर समजा उशीर झालाय.

चिकोडीची_ताई

पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो हेही सांगा त्यांना. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी पाना घेऊन सगळी ताकद लावून तो आणखी आवळून ठेवला होता.

उद्यमबाग_फिटर

हो, तेवढं राहिलं. नट घड्याळाच्या दिशेनं सुटतो. आणि पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून उजवीकडून डावीकडं ओढत कापायचं, म्हणजे कापलेलं आधी कापलेल्यावर पडतं. रानमोडीला तीन दातांचं पातं, मऊ गवताला तंगूस. तुमच्याकडं जांभा दगड. पात्याचा उजवीकडचा पुढचा कोपरा दगडाला किंवा बुंध्याला लागला की मशीन झटका देऊन अंगावर येतं. गमबूट, चष्मा, आणि पंधरा मीटरच्या आत कोणी नको, कुत्रंसुद्धा नको. माझ्या डाव्या नडगीवर खूण आहे, हाफ पँटवर "दोनच मिनिटं" म्हणून उतरलो होतो.

जांबोटी_रोड

नऊ दिवसांनी लिहितोय. रविवारी सगळं उघडलं. टाकीतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं, वास वॉर्निशचा. आतला पाइप बोटात घेतला तर बिस्किटासारखा तुटला, फिल्टर टाकीत सुटा पडलेला. दोरीला धरून मशीन उचललं, थांबत थांबत खाली आलं. सायलेन्सर काढून मोबाइलच्या टॉर्चनं पिस्टन बघितला, एक ओरखडा नाही. सायलेन्सरच्या भोकाला मात्र काजळीचा थर, तो बांबूच्या काडीनं खरवडला.

बेळगावला जाऊन पाइप, फिल्टर, पडद्यांचं किट आणि प्लग आणला, सगळं मिळून पाचशेच्या आत. पडदा बसवताना गास्केट आधी की पडदा आधी यात दोनदा चुकलो, खरं तिसऱ्यांदा जमलं. सातव्या ओढीला चालू. बाबा सोप्यातून उठून अंगणात आले, काही बोलले नाहीत, कोयता घेऊन कलमांच्या बुंध्याचं गवत काढायला गेले. तीन दिवसांत अर्धी बाग झाली.

एक बारीक कटकट राहिली आहे. ॲक्सिलरेटर सोडला तरी पातं हळूहळू फिरत राहतं. काय करू?

उद्यमबाग_फिटर

तसं वापरू नका. एअर फिल्टर आधी साबणाच्या पाण्यानं धुवून, वाळवून बसवा. मग इंजिन पाच मिनिटं गरम करून आरामाचा (आयडलिंगचा) स्क्रू डावीकडं पाव आटा फिरवा, पातं थांबेपर्यंत असंच थोडं थोडं. इंजिन बंद पडायला लागलं आणि पातं तरीही फिरतंय, तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे. शनिवारी घेऊन या, तोवर त्याच्या जवळ बाबांना येऊ देऊ नका.