स्कॅनरला खेळणं म्हणणाऱ्यांना उत्तर

काउंटरमागून
‘छोट्या धंद्यात ब्लूटूथ म्हणजे खेळणं. ऐन गर्दीत दगा देतं, गुमान वायर लावा.’ कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सहा वर्षं माझा स्कॅनर आणि बिलाचा प्रिंटर दोन्ही ब्लूटूथवर चालतात. पहिल्या वर्षी मीही रडकुंडीला आलो होतो. बारकोडचे तेरा आकडे असायचे, संगणकावर अकराच उमटायचे. स्कॅनर बदलला, बॅटरी बदलली, काही फरक नाही. दोष सापडला संगणकाच्या मागे: ब्लूटूथ डोंगलच्या (संगणकाला ब्लूटूथ देणाऱ्या छोट्या यूएसबी कांडीच्या) शेजारीच यूएसबी ३ ची हार्ड डिस्क खोचलेली होती. त्या जोडणीचा गोंगाट नेमका ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय. डोंगल हातभर एक्स्टेंशनवर घेऊन काउंटरवर आणलं, त्या दिवसापासून एक आकडा गळलेला नाही.

तारजोड
ती पोस्ट माझी. इलाज शेवटी केबलनेच झाला, हे तुम्हीच लिहिलंय! आता माझं ऐका. दुकानात पाय ठेवायला जागा नाही आणि प्रिंटर जोडलाच जाईना. माझ्या फोनवर नुसतं चाक फिरतंय. मदतनिसाचा फोन आधीच प्रिंटरला चिकटला होता. तो फोन मागच्या खोलीत चार्जिंगला, आणि मदतनीस माल आणायला बाहेर. शेवटी बिलं हाताने लिहिली. दोन गिऱ्हाइकं सामान तसंच टाकून निघून गेली. ती काय ब्लूटूथची आवृत्ती विचारायला परत येणार?

गोदामवाली
दादा, तुमचा त्रास खरा, पण तो लहरींचा नाही. एका वेळी एकाच फोनचं ऐकणारा प्रिंटर तुम्ही दोघांच्या हाती दिलात. लहरींचं म्हणाल, तर क्लासिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि २००३ च्या १.२ आवृत्तीपासून वाय-फायने अडवलेल्या वाहिन्या टाळतंही. गर्दीत अडथळा येतो तो माणसांच्या शरीरातल्या पाण्याचा, ते या लहरी शोषून घेतं. म्हणून माझा रिसीव्हर कपाटाच्या वर, डोक्यांच्या पातळीच्या वर आहे. मला दिवसभर शिडीवर चढून खोके मोजावे लागतात. वायरचा स्कॅनर घेऊन चढून बघा एकदा.

परवानगी_का
हे सगळं राहू द्या. बिलाच्या प्रिंटरच्या अ‍ॅपला माझं लोकेशन कशाला हवं? नाही म्हटलं की प्रिंटर दिसतच नाही. ही शुद्ध दादागिरी आहे.

गोदामवाली
दादागिरी नाही. आसपासची ब्लूटूथ यंत्रं शोधली की भिंतीवरच्या बीकनवरून, म्हणजे सतत आपली खूण पाठवणाऱ्या छोट्या ब्लूटूथ यंत्रावरून, तुम्ही कुठे आहात ते कळू शकतं. म्हणून अँड्रॉइड ६ पासून या शोधाला लोकेशनची परवानगी लागू लागली. ही तुम्हाला सावध करण्याची सोय होती. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणं’ अशी वेगळी परवानगी आली. अ‍ॅप जुन्या पद्धतीने लिहिलेलं असेल, तर ते लोकेशनच मागत राहतं.

परवानगी_का
म्हणजे माझं भय खरंच होतं की! त्याच बीकनवरून लोकांच्या फोनवर जाहिराती ढकलत होतेच ना? गिऱ्हाईक दारावरून गेलं की फोन वाजलाच.

काउंटरमागून
ते टिकलं कुठे? अँड्रॉइड फोनवर आपोआप येणाऱ्या तसल्या सूचना कचरा झाल्या, म्हणून गूगलने २०१८ च्या अखेरीस स्वतःच बंद केल्या. मी एक बीकन लावून पाहिला होता. एका नेहमीच्या काकूंनी विचारलं, ‘मी आले हे तुझ्या भिंतीला कसं कळलं?’ त्याच संध्याकाळी काढून टाकला. इथे तुमच्या बाजूने आहे मी.

परवानगी_का
लोकेशन न देता छापायचा मार्ग आहे का, तेवढं सांगा. उपदेश नको.

गोदामवाली
आवाज खाली ठेवा, सांगते. अ‍ॅप उघडण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये प्रिंटर जोडून घ्या. अ‍ॅप धड लिहिलेलं असेल तर ते जोडलेल्या यादीतून प्रिंटर उचलतं, शोध घ्यावाच लागत नाही. आणि जोडताना प्रिंटरचा पिन अजून ०००० असेल, तर आधी तो बदला. लोकेशनपेक्षा तो उघडा दरवाजा मोठा आहे.

परवानगी_का
जोडला. लोकेशन बंद ठेवून छापलं. हे त्या अ‍ॅपवाल्यांनी लिहून ठेवायला काय झालं होतं, हा राग माझा कायम आहे.

तारजोड
संगणकामागे हात घालून पाहिलं. माझीही हार्ड डिस्क डोंगलला चिकटूनच होती. हलवली आहे. उद्या गर्दीत स्कॅनर टिकला, तर स्कॅनरपुरतं माझं म्हणणं मागे घेईन. प्रिंटरची वायर मात्र निघणार नाही. तो जागचा हलत नाही, मग त्याला हवेतून कशाला बोलावू?

काउंटरमागून
प्रिंटरचं पटलं. मीही आज त्याला वायर लावतो.