चाचणी आणि तपासणीबद्दल इंग्रजीत लिहिताना कोणते क्रियापद वापरावे? सल्ला हवा

बुटीबोरीकर :
नमस्कार. मी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत प्रेशर व्हेसल, म्हणजे आत दाब सोसणारी बंद भांडी, तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो. शिक्षण मराठी माध्यमात झाले, त्यामुळे काम नीट कळते, पण इंग्रजीत अहवाल लिहायला बसलो की वाक्य अडते. मागच्या महिन्यात ग्राहकाच्या तपासनिसांनी माझा अहवाल परत पाठवला. त्यात मी भांड्याच्या पाण्याच्या दाबाच्या चाचणीबद्दल ‘वुई टूक द हायड्रोटेस्ट ऑफ व्हेसल’ असे लिहिले होते. सगळे आकडे बरोबर असूनही केवळ भाषेमुळे कामावर शंका घेतली गेली, याचे फार वाईट वाटले. टेस्ट आणि इन्स्पेक्शन या शब्दांबरोबर नेमके काय जोडावे आणि ते अंगवळणी कसे पाडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त तपासनीस, हिंगणा रोड :
भाऊ, तुमची चूक मी हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतील असंख्य अहवालांत पाहिली आहे. आपण मराठीत ‘चाचणी घेतली’ म्हणतो आणि तेच ‘घेणे’ इंग्रजीत ‘टेक’ होऊन उतरते. इंग्रजीत चाचणी करणारा ती ‘कॅरी आउट’, ‘कंडक्ट’ किंवा ‘परफॉर्म’ करतो. अहवालासाठी या तिन्हींपैकी कोणतेही चालेल, मात्र एका अहवालात शक्यतो एकच ठेवावे. वस्तूकडून वाक्य सुरू करायचे असेल, तर ‘द व्हेसल वॉज सब्जेक्टेड टू अ हायड्रोस्टॅटिक टेस्ट’ असे लिहावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे टेस्ट आणि इन्स्पेक्शन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. तुमच्याच कामातले उदाहरण घ्या. ‘अस्मे’ या अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमावलीतील सेक्शन आठ, डिव्हिजन एकनुसार पाण्याच्या दाबाची चाचणी कमाल अनुज्ञेय कार्यदाबाच्या किमान १.३ पट दाबाला होते. तापमानामुळे पोलादाच्या अनुज्ञेय ताणात फरक पडत असेल, तर चाचणीच्या तापमानाचा ताण भागिले आराखड्यातील तापमानाचा ताण हे गुणोत्तरही धरावे लागते. ते गुणोत्तर १ असेल आणि कार्यदाब १५ बार असेल, तर चाचणी १९.५ बारला होईल. परंतु गळती पाहण्यासाठी आपण जवळ जातो तेव्हा दाब उतरवलेला असतो. तो चाचणीचा दाब भागिले १.३ यापेक्षा कमी नसावा, म्हणजे येथे १५ बार. म्हणून अहवालात दोन वेगळी वाक्ये हवीत : ‘द टेस्ट वॉज कॅरिड आउट ॲट १९.५ बार’ आणि ‘द जॉइंट्स वेअर इन्स्पेक्टेड फॉर लीक्स ॲट १५ बार’. पहिल्या वाक्यात भांडे दाब सोसते आणि दुसऱ्यात माणूस डोळ्यांनी पाहतो. ही दोन्ही वाक्ये एकात कोंबली, तर वाचणाऱ्याला कोणत्या दाबाला काय केले तेच कळत नाही, आणि अहवाल परत येण्याचे खरे कारण पुष्कळदा हेच असते.

ग्राहकाचा माणूस समोर उभा राहून चाचणी पाहतो, त्याला ‘विटनेस’ म्हणतात. ‘सीन बाय कस्टमर’ लिहू नये. गुणवत्ता आराखड्यात ‘होल्ड पॉइंट’ असेल तेथे तपासनिसांच्या संमतीशिवाय पुढचे काम सुरू करता येत नाही. ‘विटनेस पॉइंट’ असेल, तर रीतसर सूचना देऊनही ते आले नाहीत तर सहसा काम पुढे नेता येते.

धरमपेठेतील शिक्षिका :
मी इंग्रजी शिकवते, म्हणून घेण्या-देण्याबद्दल लिहिते. मराठीत शिक्षक परीक्षा घेतात आणि विद्यार्थी परीक्षा देतात. इंग्रजीत नेमके उलट आहे : शिक्षक टेस्ट ‘गिव्ह’ करतात आणि विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आपल्याकडे ‘आय गेव्ह माय एक्झाम’ सर्रास ऐकू येते, पण भारताबाहेरच्या वाचकाला त्यातून तुम्हीच परीक्षक होता असे वाटेल. शब्दयोगी अव्ययही क्रियापदासोबतच पाठ करावे : ‘इन्स्पेक्शन ऑफ द वेल्ड’, ‘टेस्ट ऑन द सॅम्पल’, ‘टेस्ट फॉर क्रॅक्स’. मात्र ‘इन्स्पेक्ट’ हे क्रियापद असेल तेव्हा त्यापुढे ‘ऑफ’ येत नाही.

सरावासाठी माझा आग्रह असा, की सुटे शब्द वहीत लिहूच नयेत. पूर्ण वाक्य लिहावे. शंका आली तर ‘कोका’ हा प्रत्यक्ष वापरातील अमेरिकन इंग्रजी मजकुराचा संग्रह महाजालावर पाहावा. कोणत्या नामाशेजारी कोणते क्रियापद किती वेळा आले, हे तेथे आकड्यांत दिसते.

बुटीबोरीकर :
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. जुना अहवाल आज पुन्हा लिहायला घेतला आहे. एक शंका उरली. एका जोडातून पाणी झिरपले, तर ‘द टेस्ट फेल्ड’ लिहावे का?

निवृत्त तपासनीस, हिंगणा रोड :
नाही. त्याचा अर्थ चाचणीच नीट पार पडली नाही, उदाहरणार्थ पंप बंद पडला, असाही होऊ शकतो. ‘द वेल्ड फेल्ड द टेस्ट’ लिहा, त्यापुढे जोडाचा क्रमांक द्या आणि दुरुस्तीनंतर ‘द व्हेसल वॉज रीटेस्टेड’ हे वाक्य तारखेसह जोडा.