प्रतिसाद: नुसती मतं मोजू नका
सॉफ्टवेअरमध्ये कोणतं फीचर आधी बनवायचं, यावर वर एकाने सुचवलंय की गिऱ्हाइकांना फीचर्सची यादी पाठवा आणि ज्याला जास्त मतं ते आधी बनवा. अहो, यादी पुढे केली की गिऱ्हाईक सगळंच 'हवं' म्हणतं. फुकटात कोण नाही म्हणेल! आम्ही महाप्यात बसून वाशीच्या एपीएमसीतल्या (घाऊक शेतमाल बाजारातल्या) व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. तिथे जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ नोरिआकी कानो यांची १९८४ची पद्धत कामी येते: प्रत्येक फीचरबद्दल दोन प्रश्न. असलं तर कसं वाटेल? नसलं तर? डॅशबोर्ड असला तर छान, पण नसला तरी कुणाचं अडत नाही. हमाली-तोलाई (माल उचलण्याची आणि तोलण्याची मजुरी) बिलात आपोआप धरली गेली नाही, की मात्र तक्रारीचे फोन सुरू! म्हणजे आधी तेच बनवायचं. आणि हा सर्व्हे शेटबरोबर मेहताजींनाही, म्हणजे हिशेब लिहिणाऱ्यांनाही, द्या. पैसे शेट देतात, पण दिवसभर सॉफ्टवेअरशी झटतात ते मेहताजीच. फक्त पहाटे गाड्या उतरत असताना पाठवू नका, कोणी उघडणारही नाही.